पशूचा प्रश्न आणि मुलीचे उत्तर

व्याख्यानमालेच्या पत्रिकेत ‘इतिहास’ हा शब्द आणि त्याखाली एका परीकथेचे नाव पाहून श्रोत्यांपैकी काहींना नवल वाटले असेल. इतिहास म्हटला की लढाया, तह, वंशावळी आणि बखरी आपल्या डोळ्यांपुढे येतात. परीकथा ही मुलांना निजवताना सांगावयाची गोष्ट. तिला कसला आला आहे इतिहास? आम्हांस मात्र असे वाटते की ज्या गोष्टी माणसे पिढ्यान् पिढ्या पुन्हा पुन्हा सांगतात, त्यांत त्यांच्या मनाचा इतिहास कागदपत्रांपेक्षाही स्पष्ट उमटलेला असतो. गोष्ट तीच राहते, परंतु सांगणारा बदलतो, ऐकणारा बदलतो, आणि सांगता सांगता कोठे एखादा शब्द गळतो, कोठे एखादा नवा येऊन बसतो. त्या बदललेल्या शब्दांपाशी थांबून पाहिले, तर त्या त्या काळाला कशाचे भय वाटत होते आणि कशाची आशा होती, हे कळून येते.

१९७८ साली अमेरिकेत ‘ब्यूटी’ नावाची एक कादंबरी प्रसिद्ध झाली. लेखिका रॉबिन मॅकिन्ली. तिचा जन्म १९५२ चा, म्हणजे त्या वेळी वय अवघे पंचविशीचे, आणि ही तिची पहिलीच कादंबरी. धड बालक नाही व धड प्रौढही नाही, अशा वयाच्या वाचकांसाठी ती लिहिलेली आहे. कथानक नवे नाही; ‘सुंदरी आणि पशू’ ही युरोपातील सर्वपरिचित गोष्टच तिने पुन्हा सांगितली आहे. ह्या कादंबरीपर्यंत ती गोष्ट कोणाकोणाच्या तोंडून आली आणि वाटेत तिचे काय झाले, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम गोष्ट थोडक्यात सांगतो. एका व्यापाऱ्याची जहाजे बुडतात आणि श्रीमंत घराणे खेड्यात येऊन राहते. एक जहाज परत आल्याची वार्ता येते व बाप शहराकडे निघतो. मोठ्या मुली दागदागिने, उंची वस्त्रे मागतात. धाकटी केवळ एक गुलाबाचे फूल मागते. परतताना बाप अरण्यात वाट चुकतो आणि एका मंतरलेल्या वाड्यात रात्र काढतो. सकाळी निघताना बागेतले फूल तोडतो, तोच वाड्याचा धनी, एक अक्राळविक्राळ पशू, पुढे उभा राहतो. फुलाच्या मोबदल्यात प्राण दे, नाही तर तुझी एक मुलगी आपण होऊन येथे येऊ दे. धाकटी जाते. पशू तिला खात नाही. तो रोज रात्री जेवणाच्या वेळी येतो आणि जाताना एकच प्रश्न विचारतो. ती रोज ‘नाही’ म्हणते. अखेर एके दिवशी ती ‘होय’ म्हणते आणि पशूचा राजपुत्र होतो.

ह्या गोष्टीचा सगळा जीव त्या रोजच्या प्रश्नात आहे. परीकथांतील राजकन्यांना सहसा कोणी काही विचारीत नाही. राक्षस मारणाऱ्याला किंवा पैज जिंकणाऱ्याला राजा अर्धे राज्य देतो आणि त्याबरोबर मुलगीही देतो. येथे मात्र मुलीला विचारले जाते. तिने नकार दिला तरी दुसऱ्या दिवशी ताट तसेच येते, दिवा तसाच लागतो आणि प्रश्नही तसाच विचारला जातो. तेव्हा आपण तीन गोष्टींवर लक्ष ठेवू: प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला गेला, उत्तर कोणत्या कारणाने दिले गेले, आणि ही हकीकत कोण कोणाला सांगत आहे.

ह्या कथेचे सर्वांत जुने युरोपीय रूप इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले आहे. अप्युलियस ह्या लॅटिन लेखकाने ‘सोन्याचे गाढव’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आपल्या कादंबरीत कामदेव आणि सायकी ह्यांची कथा घातली आहे. सायकीचा बाप अपोलोचा कौल घेतो. कौल मिळतो की मुलीला मृत्यूच्या सोहळ्यास शोभेल अशा वेशात डोंगराच्या कड्यावर नेऊन ठेव; तिचा नवरा मनुष्य नसून एक भयंकर सर्परूप प्राणी आहे. त्याप्रमाणे लग्नाची वरात आणि प्रेतयात्रा एकच होऊन निघते. पुढे अदृश्य सेवकांनी भरलेला वाडा, रात्रीच्या काळोखातच येणारा पती आणि मत्सरी बहिणी असे सर्व येते. पण ही कथा त्या पुस्तकात सांगते कोण? दरोडेखोरांच्या गुहेतील एक म्हातारी. आणि ऐकते कोण? ऐन लग्नाच्या दिवशी दरोडेखोरांनी पळवून आणलेली एक तरुण मुलगी. ती रडत आहे आणि म्हातारी तिची समजूत घालीत आहे. म्हणजे ह्या कथेचा पहिला उपयोग भ्यालेल्या नवरीचे सांत्वन करणे हा होता.

ह्याच जातीची एक कथा आपल्याकडेही आहे. जैन पंडित पूर्णभद्र ह्याने ११९९ साली सिद्ध केलेल्या पंचतंत्रात राजगृहातील देवशर्मा ब्राह्मणाची गोष्ट येते. त्याच्या बायकोच्या पोटी सर्प जन्मतो. ती माउली त्याला टाकून देत नाही; दूध पाजून वाढवते आणि वयात आल्यावर ‘माझ्या मुलाचे लग्न करा’ म्हणून नवऱ्याच्या मागे लागते. देवशर्मा परगावी जाऊन एका ब्राह्मणाकडे सोयरीक करतो. मुलीचा बाप वराला न पाहताच शब्द देतो. वऱ्हाडाला खरा प्रकार कळतो तेव्हा सगळे मुलीला सांगतात की परत चल. ती नकार देते. कन्या एकदाच दिली जाते आणि बापाचा शब्द खोटा होता कामा नये, असे तिचे म्हणणे. पुढे सर्पाच्या कातडीतून पुरुष प्रकट होतो, बाप ती कातडी जाळून टाकतो आणि सर्व गोड होते. मुलगी धीराची खरी. परंतु तिला कोणी काही विचारलेले नाही. ह्या मुलीची आठवण आपल्याला शेवटी पुन्हा करावी लागणार आहे.

आता फ्रान्सकडे वळू. आज आपल्याला ठाऊक असलेली ‘सुंदरी आणि पशू’ ही कथा १७४० साली तेथे छापली गेली. लेखिका गाब्रिएल-सुझान द व्हिल्नव्ह. ह्या बाईंचा जन्म १६८५ चा. १७०६ साली त्यांचे एका लष्करी अधिकाऱ्याशी लग्न झाले. त्याने पैसा असा उधळला की काही महिन्यांतच बाईंना आपली मालमत्ता विभक्त करून मागावी लागली. १७११ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्या विधवा झाल्या. पुढे पॅरिसमध्ये क्रेबियाँ ह्या नाटककाराच्या घरी राहून त्यांनी लेखणीवर उपजीविका केली. लग्न म्हणजे काय असू शकते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

त्यांची कथा मुलांसाठी नव्हतीच. ती शेकडो पानांची आहे आणि तिच्या उत्तरार्धात पऱ्यांच्या भाऊबंदकीची लांबलचक वंशावळ आहे. व्यापाऱ्याला सहा मुलगे आणि सहा मुली. पशू रोज रात्री जे विचारतो ते ‘माझी बायको होशील का’ असे नव्हे. ‘तुझ्याशेजारी मला निजू देशील का’ असे त्या उघड्या शब्दांत विचारतात. त्या काळच्या फ्रान्समध्ये १५५६ च्या राजाज्ञेचा अंमल होता. पंचवीस वर्षांखालील मुलीने आणि तीस वर्षांखालील मुलाने आईबापांच्या संमतीवाचून लग्न केले तर त्यांचा वारसाहक्क बुडत असे. बापाची संमती कायद्याने अत्यावश्यक, आणि बहुतेक घरांत मुलीची केवळ उपचारापुरती. अशा समाजात लग्नाच्या रात्रीचा तो प्रश्न एखाद्याने मुलीला रोज विचारावा आणि तिचे ‘नाही’ रोज मानावे, हीच खरी जादू होती. अदृश्य सेवक आणि मंतरलेला वाडा त्या मानाने किरकोळ!

तथापि व्हिल्नव्हबाईही आपल्या काळाला सोडून गेल्या नाहीत. पशूचा राजपुत्र झाल्यावर त्याची आई, राणी, अडून बसते: व्यापाऱ्याची पोर सून म्हणून कशी चालेल? तेव्हा एक परी रहस्य फोडते की ही व्यापाऱ्याची मुलगी नव्हेच. ती एका राजाची आणि परीची कन्या आहे. मुलीने स्वतःच्या गुणांनी जिंकले, पण शेवटी कामी आले ते कुळ. आणि ही कथा सांगते कोण? समुद्रपार सेंट डोमिंग्यू बेटाकडे निघालेल्या जहाजावर एक दासी ती आपल्या तरुण मालकिणीला ऐकवते, आणि ही मालकीण लग्नाच्या उंबरठ्यावर आहे. पुन्हा वयाने मोठी बाई, पुन्हा नवरी होऊ घातलेली मुलगी.

सोळा वर्षांनी, १७५६ मध्ये, लंडनमध्ये ‘मुलांचे भांडार’ अशा अर्थाच्या नावाचे एक फ्रेंच पुस्तक निघाले. लेखिका जान-मारी लप्रँस द बोमाँ. जन्म १७११ चा, रुआँ येथला. १७४८ च्या सुमारास त्या लंडनला आल्या आणि उमरावांच्या मुलींना शिकवू लागल्या. पुस्तकाची रचना संवादरूप आहे. एक शिक्षिका आपल्या विद्यार्थिनींना रोज थोडा इतिहास, थोडा भूगोल, थोड्या बायबलमधील कथा आणि मधूनमधून एखादी परीकथा सांगते, आणि मग मुली त्यावर बोलतात. मुलींची नावे मोठी गमतीची आहेत: एक शहाणी, एक हुशार, एक तर साक्षात वादळच! परक्या मुलींना फ्रेंच यावे म्हणून भाषा मुद्दाम सोपी ठेवलेली आहे.

बोमाँबाईंनी व्हिल्नव्हबाईंची शेकडो पाने छाटून थोडक्या पानांवर आणली. बारा मुलांची सहा झाली. पऱ्यांची वंशावळ गेली. मुलीचे राजघराणेही गेले. व्यापाऱ्याची मुलगी शेवटपर्यंत व्यापाऱ्याचीच मुलगी राहिली आणि तरीही राणी झाली. हा बदल लहान नव्हे. त्याबरोबर प्रश्नही बदलला. विद्यार्थिनींपुढे शय्येचा उल्लेख कसा करावा? म्हणून पशू विचारू लागला, ‘माझी पत्नी होशील का?’ गेली सव्वादोनशे-अडीचशे वर्षे जगाला ठाऊक आहे तो हाच प्रश्न.

उत्तराचे कारणही त्यांनी पक्के केले. थोरल्या बहिणींपैकी एकीला रूपवान नवरा मिळतो. तो स्वतःच्याच रूपावर लुब्ध. दुसरीला बुद्धिमान नवरा मिळतो. तो बुद्धीचा उपयोग साऱ्यांना, आणि सर्वांत आधी बायकोला, टोचून बोलण्यासाठी करतो. धाकटी विचार करते की संसार सुखाचा होतो तो नवऱ्याच्या रूपाने वा बुद्धीने नव्हे, तर त्याच्या चांगुलपणाने. आणि तो ह्या पशूपाशी आहे. शिक्षिकेने मुलींना काढून दिलेले हे व्यवहारातील गणित आहे. इंग्लंडमध्ये नुकताच, १७५३ साली, विवाहाचा कडक कायदा झाला होता. एकवीस वर्षांखालील मुलामुलींना परवाना काढून लग्न करावयाचे तर बापाची संमती लागे. ह्या विद्यार्थिनींपैकी बहुतेकींची लग्ने घराण्यांच्या सोयीने ठरणार, हे बाईंना पक्के ठाऊक होते. तुमच्या वाट्याला जो कोणी येईल तो प्रथमदर्शनी पशू वाटेल. त्याच्या ठिकाणी माणूस शोधा, असे त्या सांगत होत्या. ह्या उपदेशात माया आहे. परंतु शोधूनही माणूस सापडला नाही तर मुलीने काय करावे, ह्याचे उत्तर त्या पुस्तकात नाही.

बोमाँबाई ज्या प्रवाहातल्या, म्हणजे गोष्टीतून मुलांना सद्‌वर्तन शिकवणाऱ्या फ्रेंच लेखकांच्या प्रवाहातल्या, त्याच प्रवाहातील पुढच्या पिढीचा लेखक बेर्कँ. त्याचे ‘मुलांचा मित्र’ हे पुस्तक इंग्रजीतून मराठीत आले आणि सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांच्या ‘बाळमित्र’ ह्या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील मुलांच्या हाती पडले. म्हणजे ज्या शिकवणीच्या खोलीत ‘सुंदरी आणि पशू’ला आजचे रूप आले, तिचा वारा आपल्या शाळांपर्यंतही पोचला होता.

पुढील शतकभरात ह्या कथेतून सांगणारी व्यक्तीच नाहीशी झाली. १७७१ मध्ये ग्रेत्रीने तिच्यावर संगीतिका रचली. १८८९ मध्ये अँड्र्यू लँगने आपल्या ‘निळ्या’ परीकथासंग्रहात व्हिल्नव्हबाईंची कथा संक्षिप्त करून घातली. १९४६ मध्ये ज्याँ कोक्तोने फ्रान्समध्ये तिच्यावर चित्रपट काढला. चित्रांच्या पुस्तकांना तर गणतीच नाही. पण जहाजावरील दासी गेली, वर्गातील शिक्षिका गेली, आणि गोष्ट संपल्यावर प्रश्न विचारणाऱ्या त्या वात्रट मुलीही गेल्या. ‘एका गावात एक व्यापारी होता’ असा कोणाचाही नसलेला आवाज तेवढा उरला. कोणीतरी कोणालातरी काही हेतूने सांगितलेली गोष्ट, जणू सृष्टिनियमच सांगत आहे, अशी वाटू लागली.

ह्या आवाजाला पहिला मोठा आक्षेप आला तो १९७० नंतरच्या अमेरिकेत. १९७० साली ॲलिसन लुरी ह्या लेखिकेने असे मांडले की परीकथांत धीट आणि कर्तबगार नायिका पुष्कळ आहेत. मुलींनी त्या अवश्य वाचाव्यात. १९७२ साली मार्शा लीबरमन ह्यांनी उलट विचारले की त्या धीट नायिका वाचतो कोण? घरोघर पोचलेल्या कथा मुलींना एवढेच शिकवतात की सुंदर असा, सहन करा आणि वाट पाहा. १९७६ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटलहाइम ह्यांनी परीकथांची बाजू घेणारा ग्रंथ लिहिला आणि ‘सुंदरी आणि पशू’ ही मुलीची बापावरील माया हळूहळू पतीकडे वळण्याची कथा आहे असे सांगितले. विद्वानांचा वाद रंगला. पण ह्या वादात सगळे मुलींविषयी बोलत होते. मुलीचा आवाज अजून ऐकू आला नव्हता.

तो येण्याला जागा मात्र तयार होत होती. अमेरिकेतील ग्रंथालयांनी बालवाचक व प्रौढवाचक ह्यांच्या मधला वाचक वेगळा ओळखण्यास सुरुवात केली होती. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९५७ साली त्या तरुण वाचकांच्या सेवेसाठी स्वतंत्र विभागच काढला. १९६७ मध्ये एस. ई. हिंटन ह्या लेखिकेची ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी आली. ती लिहिताना लेखिका स्वतःच शाळकरी वयाची होती. तरुणांविषयीचे पुस्तक तरुणाच्याच तोंडून, ही रीत तेथून रुळली. मॅकिन्लीचे शिक्षणही ध्यानात घ्यावे. ती १९७५ साली बोडन कॉलेजातून पदवीधर झाली. मेन राज्यातील ह्या जुन्या कॉलेजाने मुलींना प्रवेश दिला तो १९७१ साली! कालपर्यंत बंद असलेल्या दारातून आत गेलेल्या पहिल्या मुलींपैकी ती एक. तीन वर्षांनी तिने ही जुनी गोष्ट हाती घेतली.

आणि पहिलाच बदल असा केला की ही गोष्ट तिने त्या मुलीलाच सांगावयास लावली. म्हातारी नाही, दासी नाही, शिक्षिका नाही. ‘मी’ म्हणून ती स्वतः बोलते. तिचे खरे नाव ‘ऑनर’, म्हणजे मान, इमान. लहानपणी ह्या शब्दाचा अर्थ तिने बापाला विचारला, तो ऐकून तिचे समाधान झाले नाही आणि ‘त्यापेक्षा मला ब्यूटी म्हणा’ असे ती म्हणाली. ते नाव चिकटले. आणि पुढे मुलगी झाली उंच, हाडकुळी, चेहऱ्यावर पुटकुळ्या असलेली. सुंदर आहेत त्या बहिणी. त्या दुष्ट नाहीत, मत्सरी नाहीत. संकटात एकमेकींना धरून राहणाऱ्या आहेत. बोमाँबाईंच्या बहिणी धाकटीला निरोप देताना डोळ्यांना कांदा चोळून रडतात. मॅकिन्लीच्या घरात कांदा फक्त स्वयंपाकाला लागतो.

ह्या ब्यूटीला ग्रीक आणि लॅटिनची गोडी आहे. विद्यापीठात जावे हे तिचे स्वप्न. त्या काळी मुलीला ते अशक्य. बापाकडे ती गुलाबाचे फूल मागत नाही, खेड्यातील घराभोवती लावण्यासाठी गुलाबाचे बी मागते. पशूच्या वाड्याकडे जाण्याचा निर्णयही ती वाद घालून, सगळ्यांना विरोध करून घेते. बाप तिला देत नाही; बापाने दिलेल्या शब्दाखाली ती आपली स्वतःची सही करते. त्या वेळी तिचे टाकून दिलेले खरे नाव तिला शोभू लागते. वाड्यात तिला जे ग्रंथालय मिळते, त्यात अद्याप लिहिलीच न गेलेली पुस्तकेही आहेत. ब्राउनिंगच्या कविता ती वाचते, पण हा कवी कोण, हे तिला कळत नाही, कारण तो अजून जन्मावयाचा आहे. ज्या मुलीला विद्यापीठाचे दार बंद होते, तिच्यापुढे येणाऱ्या शतकांचे कपाट उघडे होते. बोडनच्या त्या नव्या विद्यार्थिनीला हे दृश्य कोठून सुचले असेल, ते सांगावयास नको.

आता प्रश्नाकडे येऊ. येथेही पशू रोज विचारतो आणि ती रोज नाही म्हणते. पण घरी परतण्याचे कारण पाहा. जुन्या कथांत बाप आजारी पडतो म्हणून मुलगी घरी जाते. येथे ब्यूटीला वाड्यातील जादूच्या साधनातून दिसते की थोरल्या बहिणीचा, ग्रेसचा, समुद्रात बुडाला असे सर्वांनी धरलेला वाग्दत्त वर जिवंत आहे. आणि ग्रेस इकडे, वाट पाहून थकल्यावर, गावच्या तरुण धर्मोपदेशकाला होकार देण्याच्या बेतात आहे. ब्यूटी पशूकडे रजा मागते ती एवढ्याचसाठी, की बहिणीने खरे काय ते न कळता ‘होय’ म्हणू नये. आमच्या मते सर्व कादंबरीचे मर्म ह्या प्रसंगात आहे. केवळ विचारले एवढ्याने संमती होत नाही. ज्याला विचारले त्याला वस्तुस्थिती माहीत असली पाहिजे, आणि नाही म्हणण्याची मुभा असली पाहिजे. हा धडा मुलीला कोणी वडीलधाऱ्याने दिलेला नाही; तिने तो बंदिवासात स्वतः शिकून बहिणीकडे पोचवला आहे.

ह्यावर कोणी रास्त आक्षेप घेईल की अहो, बंदिवासातील होकार तो काय होकार? वाड्याची दारे बंद असताना ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य कितीसे? हा आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही. मॅकिन्लीने तो निम्मा ओळखला आहे: ब्यूटी निर्णायक होकार देते तो घरी जाऊन, मोकळी होऊन, आपल्या पायांनी परत आल्यावर. मात्र दुसऱ्या एका ठिकाणी लेखिकेचा हात जुन्या कथेने धरून ठेवला. पशूचा देखणा पुरुष झाल्यावर ब्यूटी बावरते. मी कोठे आणि हा कोठे, असे म्हणू लागते. तेव्हा तो तिला आरशासमोर नेतो, आणि आरशात दिसते एक सुंदर तरुणी. पुटकुळ्या गेल्या, बेढबपणा गेला. जी मुलगी रूपावाचून आपल्याला आवडली होती, तिला शेवटी रूप बक्षीस मिळते. व्हिल्नव्हबाईंना नायिकेला राजकुळ द्यावेसे वाटले, तसे मॅकिन्लीला सौंदर्य द्यावेसे वाटले. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, इंग्लंडमध्ये अँजेला कार्टर ह्या लेखिकेने प्रौढांसाठी लिहिलेल्या एका कथेत ह्याच्या अगदी उलट शेवट केला: वाघाच्या सहवासात माणूसपणाचे कातडे गळून मुलगीच वाघीण होते.

पण मॅकिन्लीचा प्रामाणिकपणा असा, की स्वतःच्या उत्तरावर ती समाधान मानून बसली नाही. १९९७ साली, जवळजवळ वीस वर्षांनी, तिने हीच कथा ‘रोझ डॉटर’ ह्या नावाने पुन्हा एक कादंबरी म्हणून लिहिली. त्या कादंबरीच्या शेवटी नायिकेपुढे निवड येते, आणि ती सांगते की पशू आहे तसाच राहू दे. जादू उतरवून राजपुत्र मागणे ती नाकारते. प्रश्न तोच, मुलगी तीच, लेखिकाही तीच. उत्तर मात्र बदलले. मधल्या काळात, १९९१ मध्ये, ह्या कथेवरील डिस्नेचा चित्रपट जगभर गाजला, आणि जुन्या परीकथा तरुणांसाठी नव्याने लिहिण्याची तर लाटच आली. गेल कार्सन लेव्हीनने १९९७ मध्ये सिंड्रेलाला आज्ञाधारकपणाच्या शापातून सोडवले. मारिसा मेयरने २०१२ मध्ये त्याच सिंड्रेलाला भविष्यकाळातील पेइचिंगमध्ये यंत्रे दुरुस्त करणारी कारागीर केले. १९७८ च्या त्या पहिल्या कादंबरीने ह्या वाटेवर बरीच वर्षे आधी पाऊल टाकले होते.

आता पंचतंत्रातील त्या मुलीकडे परत जाऊ. कन्या एकदाच दिली जाते, असे ती म्हणाली होती. ह्या म्हणण्याला न्यायालयात उभे राहून नकार देणारी मुलगी आपल्याच मुंबईत होऊन गेली. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याच्या घरी जाण्याचे नाकारले. १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने आज्ञा केली की नांदायला जा, नाही तर तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पसंत असल्याचे कळवले. ज्या लग्नाला आपण संमती दिली नाही, ते आपल्यावर बंधनकारक कसे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, रखमाबाई विलायतेस गेल्या आणि डॉक्टर होऊन परत आल्या. परीकथेतील पशू जो प्रश्न नम्रपणे विचारीत होता, तो रखमाबाईंना कोणी विचारलाच नव्हता. आणि योगायोग पाहा, मॅकिन्लीची ‘ब्यूटी’ ज्या १९७८ साली निघाली, त्याच साली आपल्या देशात मुलीच्या लग्नाचे किमान वय कायद्याने अठरा वर्षे झाले. निदान विचारण्याजोगे वय तरी तिच्या वाट्याला यावे, एवढी तजवीज कायद्याने केली. विचारण्याचे काम कायद्याने होत नाही. ते घरातच व्हावे लागते.

ह्या सभागृहात आज्या आहेत, आई-बाप आहेत, आणि मागच्या बाकांवर कॉलेजात जाणाऱ्या मुलीही बसल्या आहेत. आज्यांनी गोष्टी सांगणे थांबवावे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. अप्युलियसच्या म्हातारीपासून बोमाँबाईंपर्यंत ज्यांनी ही गोष्ट सांगितली, त्यांनी आपल्या परीने मुलींना धीरच दिला. जे त्यांना ठाऊक होते तेच त्यांनी दिले. मॅकिन्लीने त्यांचा अपमान केला नाही, त्यांची गोष्ट टाकूनही दिली नाही. तिने एवढेच केले की ऐकणाऱ्या मुलीला सांगणारीच्या आसनावर बसवले. आपल्या घरातही गोष्ट सांगून झाली म्हणजे दिवा मालवण्याची घाई करू नये. ‘तू तिच्या जागी असतीस तर काय उत्तर दिले असतेस?’ असे नातीला विचारावे. आणि ती जे सांगेल ते, आपल्याला आवडो वा न आवडो, पुरते ऐकून घ्यावे.